आधी शाल, मग डीएनए

प्रिय मुली,

तुझा मसुदा वाचला. लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या गल्ल्या तू छान उभ्या केल्या आहेस, वाचणारा तिसऱ्या ओळीतच अडकतो. पण सगळा लेख तू ज्या वाक्यावर पेलला आहेस, 'जॅक द रिपर म्हणजे अ‍ॅरन कॉस्मिन्स्की हे डीएनए चाचणीने सिद्ध झालं', ते वाक्य छापता येणार नाही. रिपर म्हणजे १८८८ मध्ये लंडनमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेला खुनी, आणि कॉस्मिन्स्की हा त्यातला एक संशयित. नुसतं 'असं म्हटलं जातं' चिकटवूनही भागणार नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण अशा बातम्या तुझ्या हाताखालून पुढेही जाणार आहेत.

तू गोष्ट प्रयोगशाळेतून सुरू केलीस, जिथे रिपरची एक बळी कॅथरीन एडोज हिची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शालीवरचे डाग तपासले. मी ती १८८८ च्या पोलिसांच्या यादीपासून सुरू केली असती. २९ सप्टेंबरच्या रात्री कॅथरीन एडोज दारूच्या नशेत रस्त्यात सापडली म्हणून पोलिसांनी तिला बिशप्सगेट ठाण्यात आणून ठेवलं. रात्री एकच्या सुमारास शुद्धीवर आल्यावर सोडून दिलं. पाऊण तासाने माइटर स्क्वेअरमध्ये गस्तीच्या शिपायाला तिचा मृतदेह दिसला. म्हणजे खुनाच्या आधीचे काही तास ही बाई पोलिसांच्या डोळ्यांसमोर होती, आणि खुनानंतर तिच्या अंगावरच्या नि जवळच्या एकूण एक वस्तूची नोंद पोलिसांनी केली. ती यादी मुळातून वाच. साबणाचे सहा तुकडे, पांढऱ्या चिंध्यांचे बारा तुकडे, चहाचा डबा, साखरेचा डबा, एक लाल हातमोजा, मोहरीच्या डबीत गहाणवटीच्या दोन पावत्या. त्यातली एक पावती तिच्या जोडीदाराच्या बुटांची. त्याच आठवड्यात अडीच शिलिंगला गहाण टाकलेले. चिंध्या मोजणाऱ्या माणसांनी एक लांबलचक रेशमी शाल लिहायची विसरली, असं मानायला मी तयार नाही. आणि जिच्यावर जोडीदाराचे बूट गहाण टाकायची वेळ आली, तिच्याकडे अशी शाल असती तर ती सर्वांत आधी सावकाराकडे गेली असती.

मग ही शाल आली कुठून? एका घराण्यात चालत आलेली गोष्ट अशी की अ‍ॅमॉस सिम्प्सन नावाच्या पोलीस हवालदाराने ती घटनास्थळावरून मागून घेतली आणि बायकोसाठी घरी नेली. सिम्प्सन मेट्रोपॉलिटन पोलिसांतला. माइटर स्क्वेअर सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या हद्दीत. दोन्ही दलं वेगळी, अधिकारी वेगळे. दुसऱ्याच्या हद्दीतल्या खुनाच्या जागी हा काय करत होता, आणि तिथला मुद्देमाल त्याला कुणी कसा घेऊ दिला, याला कागदोपत्री उत्तर नाही. कौटुंबिक आठवण खोटीच असते असं मी म्हणत नाही. पण तिच्यावर इमारत बांधायची तर पायाची जबाबदारी बांधणाऱ्याची. २००७ साली ही शाल लिलावात निघाली आणि रसेल एडवर्ड्स या व्यावसायिकाने ती विकत घेतली. तोवर शंभराहून जास्त वर्षं ती कुणाकुणाच्या हातातून गेली, कुणी घडी घातली, कोण तिच्यावर वाकून बोललं, खोकलं, याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

डीएनएच्या बाबतीत हा हिशेब म्हणजे सगळं काही. जर्मनीतलं हाइलब्रॉनचं प्रकरण तुला माहीत असेल. २००७ साली तिथे एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया नि फ्रान्समधल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या जागी सापडलेल्या एकाच अनोळखी बाईच्या डीएनएशी जुळत होता. पोलीस त्या बाईला शोधत राहिले. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुने घ्यायला वापरलेल्या कापसाच्या काड्याच दूषित होत्या, आणि तो डीएनए त्या तयार होत होत्या तिथे काम करणाऱ्या एका बाईचा होता. हे आधुनिक पोलिसांचं, सीलबंद साहित्य वापरून झालेलं. शंभर वर्षं घराघरांत फिरलेल्या कापडाबद्दल मग काय बोलावं!

आता प्रयोगशाळेकडे. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातले यारी लोहेलाइनेन यांनी शालीवरच्या डागांतून मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांतला डीएनए, काढला. निवड चुकीची नव्हती. पेशीच्या केंद्रकातला डीएनए जुन्या नमुन्यात तुकडे होऊन जातो. मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या प्रती प्रत्येक पेशीत शेकडोंनी असल्यामुळे काहीतरी हाती लागतं. पण त्याची मर्यादा तुझ्या मसुद्यात एका शब्दानेही आलेली नाही. हा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो आणि पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच राहतो. आईकडून चालत येणारं आडनाव समज. खोलीत सापडलेल्या पाकिटावर जोशी लिहिलं असेल तर ते देशपांड्यांचं नाही हे तू ठामपणे सांगशील. पण कुठल्या जोशींचं, हे त्यावरून सांगता येणार नाही. मायटोकॉन्ड्रियल डीएनएने माणसाला यादीतून वगळता येतं; यादीत एकट्याला उभं करता येत नाही. शालीवरचा नमुना एडोजच्या मातृवंशातल्या आजच्या वारसाशी आणि कॉस्मिन्स्कीच्या बहिणीच्या मातृवंशातल्या वारसाशी ताडून पाहिला होता. जुळला असं धरलं तरी त्याच मातृकुळांतली, आणि त्यांच्याशी नातं नसलेलीही, असंख्य माणसं त्याच वर्णनात बसतात.

एडोजच्या बाबतीत दावेदारांनाही हे जाणवलं असावं, म्हणून त्यांनी एका दुर्मिळ बदलावर भर दिला. त्याला नाव दिलं ३१४.१सी, आणि तो २,९०,००० माणसांत एखाद्याकडेच असतो असं सांगितलं. एवढा दुर्मिळ बदल शालीवरही आणि वारसाकडेही, म्हणजे शाल तिचीच. ऐकायला पक्कं वाटतं. गोम अशी की डीएनए चार अक्षरांत लिहितात, आणि या डीएनएच्या त्या भागात त्यातलं 'सी' हे अक्षर ओळीने अनेकदा येतं. त्या रांगेत एक जादा 'सी' घुसला तर तो नेमका कुठे घुसला हे ओळखताच येत नाही. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी ठरवून घेतलंय की तो रांगेच्या शेवटी मोजायचा. त्या हिशेबाने या बदलाचं नाव ३१५.१सी होतं. आणि ३१५.१सी हा युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांत सापडतो. २,९०,००० मध्ये एक म्हणून मिरवलेली खूण लंडनच्या रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येकाकडे होती, त्या शालीला हात लावणाऱ्यांसकट. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'द इंडिपेंडंट'ने हे छापलं; डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक सर अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्यासारख्या माणसांनीही ही चूक झाल्याला दुजोरा दिला. तुझ्या लेखात तो २,९०,००० चा आकडा अजून तसाच आहे. तो तू कुठून उचललास ते मला ठाऊक नाही, पण ज्या पानावरून उचललास त्या पानावरचं बाकी काहीही पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नको.

क्रम लक्षात घे, कारण पत्रकार म्हणून तुझं खरं काम इथे आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये हा दावा आधी एका ब्रिटिश वृत्तपत्रात आला, पाठोपाठ एडवर्ड्सचं पुस्तक आलं. इतर शास्त्रज्ञांनी तपासावा असा शोधनिबंध तेव्हा नव्हताच. तो आला २०१९ मध्ये, 'जर्नल ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस'मध्ये. म्हणजे जगभर निकाल सुनावून झाल्यावर साडेचार वर्षांनी पुरावा सादर. आणि त्यातही डीएनएचे क्रम अक्षरांत छापण्याऐवजी रंगीत चौकोन दाखवले, वारसांच्या खासगीपणासाठी, ब्रिटनच्या माहिती-संरक्षण कायद्याचा हवाला देऊन. इन्सब्रुकचे वॉल्थर पार्सन यांच्यासारख्या या विषयातल्या माणसांनी तेव्हाच म्हटलं की असे क्रम छापल्याने कुणाच्या खासगीपणाला धोका नसतो, आणि ते नसतील तर वाचणाऱ्याने पडताळायचं काय? पुढे नियतकालिकाने मूळ माहिती मागितली, ती मिळू शकली नाही, आणि २०२४ मध्ये निबंधावर चिंता व्यक्त करणारं निवेदन छापण्यात आलं. पण २०२५ च्या सुरुवातीला तीच बातमी नव्या मथळ्यांनिशी पुन्हा जगभर फिरली, जणू काल लागलेला शोध. तुझ्यापर्यंत पोचली ती हीच लाट असणार.

वृत्तपत्रांना नावं ठेवून मोकळं होऊ नको, मात्र. या प्रकरणातली ती पहिल्या दिवसापासूनची पात्रं आहेत, आणि तुझ्या लेखाला खरा दम इथूनच येईल. १८८८ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला 'लेदर एप्रन' नावाचा एक भयंकर माणूस वृत्तपत्रांनी रंगवला. त्या वर्णनावरून जॉन पायझर या ज्यू चांभाराला पोलिसांनी धरलं. तो खुनाच्या वेळी दुसरीकडे होता हे सिद्ध झालं, त्याला सर्वांसमोर मृत्यूच्या चौकशीत उभं करून निर्दोष ठरवावं लागलं; तोवर त्याला रस्त्याने चालणं धोक्याचं झालं होतं. 'जॅक द रिपर' हे नावसुद्धा २५ सप्टेंबर तारखेच्या एका पत्रातून आलं. ते पत्र पोलिसांना नाही, सेंट्रल न्यूज एजन्सी या बातम्या पुरवणाऱ्या संस्थेला आलं होतं, आणि ते एखाद्या पत्रकारानेच लिहिलं असावं असं पुढे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचं मत होतं. ज्या नावाने आपण खुन्याला ओळखतो ते बहुधा छापखान्याजवळच जन्मलं, हे तुझ्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं.

त्याच वस्तीत एडोजच्या खुनाच्या रात्री भिंतीवर ज्यूंविषयी काही खडूने लिहिलेलं सापडलं. दंगल होईल या भीतीने आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी ते फोटो काढण्याआधीच पुसायला लावलं. ही हवा डोक्यात ठेवून कॉस्मिन्स्कीचं नाव लिही. तो पोलंडमधून आलेला ज्यू न्हावी. १८९१ मध्ये त्याला कोल्नी हॅच मनोरुग्णालयात दाखल केलं, नंतर लीव्हस्डनला, आणि १९१९ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्यावर कधी खटला झाला नाही, त्याला बाजू मांडता आली नाही. संशयित म्हणून त्याचं आडनाव लंडनचे पोलीस अधिकारी मेलव्हिल मॅकनॉटन यांच्या १८९४ च्या टिपणात येतं, पण ते टिपण 'द सन' या वृत्तपत्राने दुसऱ्याच एका माणसावर केलेल्या आरोपांना उत्तर म्हणून लिहिलेलं होतं, आणि त्यात ढोबळ चुका आहेत. कॉस्मिन्स्की १८८९ च्या मार्चच्या सुमारास मनोरुग्णालयात गेला असं त्यात आहे. इन्स्पेक्टर स्वॉन्सन यांनी एका पुस्तकाच्या समासात लिहिलेल्या नोंदीत त्याचं नाव आहे खरं, पण त्याच नोंदीत तो दाखल झाल्यावर लवकरच मेला असंही आहे. तो तर पुढे जवळजवळ तीस वर्षं जगला. हे लेखी संशय खोडून टाक असं मी सांगत नाही. ते लिहावेतच, त्यांच्या चुकांसकट. मला स्वतःला तो निर्दोष होता असंही म्हणता येत नाही. पण मतिभ्रष्ट, परका, गरीब माणूस मेल्यावर आरोपी ठरवायला सोयीचा असतो, आणि एका शालीच्या जोरावर त्याला दोषी म्हणणं मला पटत नाही.

तर दुरुस्त्या. पहिल्या परिच्छेदात यादी, दुसऱ्यात शाल, आणि प्रयोगशाळा त्यानंतरच. '१०० टक्के जुळलं' हे शब्द कुणी वापरले असतील तर नावानिशी त्यांच्याच तोंडी ठेव, तुझ्या तोंडी नको. ज्याने वस्तू विकत घेतली, पुस्तक लिहिलं आणि चाचणी करवून घेतली तो एकच माणूस आहे, हे वाचकाला सांगायला विसरू नको. त्याने खोटं केलं असा आरोप मात्र करू नको, तसा पुरावा नाही. जमलं तर मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर काम करणाऱ्या, या प्रकरणाशी संबंध नसलेल्या कुणाला फोन कर आणि विचार: या चाचणीने किती लोक वगळले गेले? उत्तर आकड्यात येत नसेल तर तसं लिही.

एडोजचा शवागारातला फोटो वरच्या चित्रासाठी निवडला आहेस, तो काढ. शालीचा फोटो वापर, पण ओळीत 'एडोजची शाल' लिहू नको. '२००७ मध्ये लिलावात विकली गेलेली शाल' एवढंच पुरे.

तुझा,
काका