बाकडं, पेढी आणि मागच्या रांगेतले खासदार

विट्याच्या एका वाचकानं विचारलंय: ‘लोकसभेत मागच्या रांगेतून एक खासदार उठले. आधी कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर बोलले, मग कांद्याच्या निर्यातीवर. दुसऱ्या दिवशी बातमीत त्यांचा उल्लेख “बॅकबेंचर” असा. याला मराठी शब्द कोणता? त्यात हेटाळणी आहे का? आणि सदस्य “बाके वाजवतात” म्हणजे नक्की काय वाजवतात?’

बॅकबेंचर म्हणजे मंत्रिपद किंवा पक्षातलं म्होरकेपण नसलेला, मागं बसणारा सदस्य. हेटाळणी मूळ शब्दात नाही, ती आपण घातली. शाळेत मागच्या बाकावर ढ पोरं बसतात अशी एक समजूत आहे. (खरं तर उंच पोरं बसतात, कारण मास्तर त्यांना तिथं बसवतात.) तीच समजूत उचलून वार्ताहर मंडळी खासदाराला चिकटवतात. ‘बॅकबेंचर असूनही त्यांनी प्रश्न मांडला’ हे वाक्य कानावर आलं की मी टीव्ही बंद करतो. ‘असूनही’ कसलं? प्रश्न मांडणं हे मागच्या बाकाचंच काम. मंत्र्यानं उत्तर द्यायचं असतं, तो कुणाला विचारणार? तारांकित प्रश्न, तातडीचे विषय काढायचा शून्य प्रहर, मतदारसंघातलं गाऱ्हाणं मांडायची नियम ३७७ खालची सूचना, मंत्री नसलेल्यांची शुक्रवारी दुपारची खासगी विधेयकं ही सगळी आयुधं बिनपदाच्या सदस्याच्या हाती दिलेली आहेत. आणि जाता जाता, तारांकित म्हणजे ‘विशेष महत्त्वाचा’ असा अर्थ लावणाऱ्यांनीही थांबावं. तारा इतकंच सांगतो की उत्तर तोंडी हवं, म्हणजे त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न, तेही सोडत काढून. सांगलीला पुराची धास्ती असो नाहीतर मिरजेच्या रेल्वेचं गाऱ्हाणं, सोडतीत नाव लागलं तर विषय निघणार.

शब्द विलायती आहे. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये खरोखरची लांबलचक हिरवी बाकं आहेत. पुढच्या बाकावर एकीकडे मंत्री, समोर विरोधी पक्षाचे म्होरके, उरलेले सगळे मागं. सदस्य ६५० आणि बसायची सोय सव्वाचारशेच्या आसपास, त्यामुळे गर्दीच्या दिवशी कित्येकांना मागचं बाकही मिळत नाही. आपल्याकडे जागा अध्यक्ष नेमून देतात, पक्षाच्या संख्याबळाकडे बघून. म्हणून छोट्या पक्षाचा किंवा अपक्ष माणूस गावात कितीही मोठा असला तरी दिल्लीत बहुधा मागंच. साताऱ्यानं दोन्ही टोकं बघितली आहेत. १९५७ साली साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील निवडून गेले. मंत्रिपद त्यांच्याकडे कधीच नव्हतं, पण लोकसभेत ते मराठीतून बोलले याची आठवण लोक अजून काढतात. १९७१ला साताऱ्यानं यशवंतराव चव्हाणांना पाठवलं, ते मंत्री. १९७७ला पुन्हा पाठवलं, ते विरोधी पक्षनेते. बाजू बदलली, पुढचं बाक तेच. आता नानांना ‘बॅकबेंचर’ म्हणायची कुणाला हौस असेल तर त्यानं ती नानांच्या गावी, येडे मच्छिंद्रात जाऊन भागवावी, आम्ही लांबून बघू.

मराठी शब्दाकडे येतो, पण आधी ‘बाक’ पाहू या, कारण खरी मौज तिथं आहे.

‘बाक’ हा पोर्तुगीज ‘बांको’. पगार, लिलाव, तुरुंग, साबण, घमेलं ज्या गलबतांतून उतरले त्याच गलबतांतून हाही उतरला. (पगार, लिलाव आणि तुरुंग एकाच भाषेतून यावेत हा योगायोग राजकारणावर लिहिताना फार उपयोगी पडतो, पण आज नको.) जुन्या लिखाणात तो ‘बांक’ असा अनुस्वारासकट सापडतो, पुढं अनुस्वार गळाला. घाटावर त्याला ‘डं’ जोडला गेला आणि झालं ‘बाकडं’. कराडच्या स्टँडपासून तासगावच्या टपरीपर्यंत कुणी ‘बाकावर बसा’ म्हणत नाही, ‘बाकड्यावर टेका’ म्हणतात. कातीचं कातडं झालं तसंच हे. माझी तर खात्री आहे की हा ‘डं’ कुंभार्ली आणि आंबा घाट चढून आल्यावरच लागला असणार. खाली कोकणात बाक, वर देशावर बाकडं. घाट चढताना माणसाला धाप लागते, शब्दाला प्रत्यय लागतो.

इथं मिरजेच्या एका विद्वानांची हरकत आहे, आणि ते ती दर व्याख्यानात घेतात. त्यांच्या मते बाकडं हे ‘वाकडं’पासून आलं आणि वाकडं हे ‘वक्र’पासून, म्हणजे शब्द शुद्ध देशी. पुरावा काय, तर ‘व’चा ‘ब’ होतो. होतो ना, हिंदीत सर्रास होतो. पण आपल्याकडे वाकडं आणि बाकडं हे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या तोंडात एकाच दिवशी सुखानं नांदतात. ‘बाकडं वाकडं झालंय’ हे वाक्य आमच्या भागात कुणीही म्हणेल आणि कुणालाही ते पुनरुक्तीचं वाटणार नाही. शिवाय लिंग बघा. कमरेला येतो ‘तो’ बाक, बसायला असतं ‘ते’ बाक. पहिला वक्राच्या कुळातला आहे, तो विद्वानांनी खुशाल घ्यावा. दुसऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि नुसती सरळ फळी ठोकून केलेल्या वस्तूला लोक वाकडी का म्हणतील हेही त्यांनी एकदा सांगावं. प्रत्येक शब्दाला संस्कृतचा दाखला मिळालाच पाहिजे या हट्टानं व्युत्पत्ती होत नाही, जातपडताळणी होते.

आता गंमत. हाच बांको इटलीत सावकाराच्या पुढ्यात होता. बाजारात बाक मांडून त्यावर नाणी बदलून देणारा तो सराफ, आणि त्या बाकावरून धंद्याला नाव पडलं बँक. बाक मोडलं की सावकार बुडाला, त्यावरून बँकरप्ट. (मोडलेल्या बाकांचा अनुभव सांगलीकर ठेवीदाराला नव्यानं द्यायला नको.) इंग्रजीतला बेंच त्याच कुळातला चुलत भाऊ. म्हणजे बाक, बेंच आणि बँक ही एकाच घरातली तीन माणसं. आणि सत्ताधाऱ्यांच्या जागेला जे ‘ट्रेझरी बेंच’ म्हणतात ते शब्दशः तिजोरीचं बाक, म्हणजे फिरून बँकच.

आणि आपल्याकडे? आपल्या सराफाच्या दुकानाला काय म्हणतात? पेढी. बँक आली बाकावरून, आणि पेढी आली पीठावरून, बसायच्या पीठावरून. मठिकेची मढी झाली, तशी पीठिकेची पेढी. ‘ई’चा ‘ए’ कसा झाला म्हणून कुणी अडवलं तर त्याला बाराव्या शतकातल्या हेमचंद्राकडे पाठवा. पीठाचं प्राकृतात ‘पेढ’ होतं हे त्यानं आपल्या व्याकरणात नोंदवून ठेवलंय. इटलीचा सराफ आणि आपला सराफ यांनी एकमेकांना पाहिलेलं नसताना दोघांच्याही धंद्याला बैठकीचंच नाव पडावं, यापरतं सुख शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला दुसरं नाही. पेढी हा शब्द ‘पिढी’पासून, बापजाद्यांचा धंदा म्हणून, असं सांगणारेही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पेढीवर पैसे मोजून घेतो आणि निघतो.

पीठ आलंच आहे तर न्यायालयाचं बेंच घ्या. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि खुद्द कोल्हापूर अशा सहा जिल्ह्यांसाठी. त्याआधी वकिलांनी आणि पक्षकारांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली होती. ती मागणी होती ‘खंडपीठा’ची. फलक लागला ‘सर्किट बेंच’चा. फिरतं खंडपीठ म्हणायला हरकत नव्हती, पण फिरतं पीठ म्हटलं की लोकांना गिरणी आठवत असेल. (ते पीठ निराळं, ‘पिष्ट’पासूनचं.)

बघा आता. न्यायाधीश बसतात ते पीठ. लोकसभेचे अध्यक्ष ‘पीठासीन’. कुलगुरूंचं विद्यापीठ, मठाधिपतींचं पीठ. आणि लोकांनी मतं देऊन पाठवलेला सदस्य बसतो ते मात्र बाक. इंग्रजीत न्यायाधीश आणि मागच्या रांगेतला सदस्य दोघंही बेंचवर. आपण वरच्याला संस्कृत दिलं, खालच्याला पोर्तुगीज. हे कुणी ठरवून केलं नाही, म्हणूनच ते मला खरं वाटतं.

विट्याचे गृहस्थ वाट बघत असतील. मराठी शब्द हवा ना? ‘पृष्ठासनी’, ‘पश्चपीठीय’ असले शब्द सुचवणारी पत्रं मला येतात आणि मी ती रद्दीत घालतो. पृष्ठासनी म्हटलं की माणूस पाठीवर झोपून योगासन करतोय असं वाटतं. ‘अशासकीय सदस्य’ हा कामकाजातला रुळलेला शब्द आहे, अशासकीय विधेयक, अशासकीय ठराव आपण म्हणतोच. पण त्यात मंत्री सोडून सगळेच आले, विरोधी पक्षनेताही आला, म्हणून तो इथं सैल पडतो. ‘मागच्या बाकावरचे खासदार’ हे सरळ आहे, सगळ्यांना कळतं, तेच लिहा. वार्ताहराला लांब वाटलं तर नुसतं ‘खासदार’ लिहावं. अलमट्टीवर बोलताना माणूस कुठल्या रांगेत होता यानं कृष्णेचं पाणी इंचभरही कमीजास्त होत नाही.

राहिली बाके वाजवण्याची गोष्ट. वाजवतात ती पुढ्यातली लिहायची फळी, बसायचं बाक नव्हे. पण आपल्या शाळांमधून लिहायची फळी आणि बसायची फळी एकाच सांगाड्यात ठोकलेली असते आणि त्या अख्ख्या वस्तूला आपण बाकच म्हणतो. तेव्हा ‘बाके वाजवली’ चालू द्या. बसल्या जागेवर थापा मारायच्या तर सदस्यांना आधी उठावं लागेल.