सायबर सुरक्षेसाठी माणसं घेताना
सरकारी सायबर टीमची भरती तुमच्याकडे नव्यानेच आली असेल, तर आधी जाहिरातीतली पदव्या-प्रमाणपत्रांची जंत्री छाटा. मुलाखतीत लॉगचा, म्हणजे संगणक यंत्रणेत कोण कधी कुठून शिरलं याच्या नोंदींचा, नमुना समोर ठेवा: एकाच खात्यावर दहा मिनिटांत दोन देशांतून लॉगिन, आधी काय तपासाल? उत्तरातच माणूस कळतो. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने २०२१ मध्ये कौशल्यावर आधारलेली अशीच वेगळी भरतीपद्धत सुरू केली.

पगार खासगी कंपन्यांइतका नसेल तर स्पष्ट सांगा. मात्र निवड झाल्यावर फाइल अडकू देऊ नका, चांगली माणसं थांबत नाहीत. आणि कळकळीने सांगतो, त्यांना नुसत्या अहवालांना जुंपू नका. प्रशिक्षणाचा खर्च, रात्रपाळीनंतरची हक्काची सुट्टी आणि मॅनेजर न होताही तज्ज्ञ म्हणून बढती, यासाठी वरिष्ठांशी भांडा.