मान मंदिराच्या निळ्या टाइल्स ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जातात कुठे?

प्रश्न : ताई, बाबांचा जुना फिल्मचा एसएलआर कपाटात सापडला, चालतोय पण. माझ्याकडे डिजिटल मिररलेस आहे. रविवारी इथल्या किल्ल्यावर मान मंदिर राजवाड्याचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले तर सगळं नुसतं राखाडी आलं, निळ्या टाइल्स भिंतीत कुठे आहेत तेच कळेना. फिल्मवर बरं येईल का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : कॅमेरा बिघडलेला नाहीये तुमचा. निळी टाइल आणि पिवळसर दगड डोळ्याला वेगळे दिसतात ते रंगामुळे, उजळपणा बऱ्याच ठिकाणी जवळपास सारखाच असतो, आणि रंग काढला की उरतो फक्त उजळपणा, मग टाइल्समधली ती बदकांची सुंदर रांग दगडात विरून जाते. फिल्टर न लावता काढलं तर फिल्मवरही बरंचसं असंच होणार.

फक्त फिल्मवर कुठला रंग किती गडद हवा ते आधी ठरवावं लागतं. लेन्सवर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावला की निळा उजेड अडतो, दगडाचा पिवळा आरपार येतो, म्हणजे टाइल गडद, भिंत उजळ, वरचं निळं आभाळही गडद. पिवळा साधारण एक स्टॉप उजेड खातो, लाल तीनेक (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो). डिजिटलमध्ये हेच घरी बसून होतं पण रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल पाहिजे, मोनोक्रोम मोड कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या जेपेगलाच लागतो, रॉमध्ये सगळे रंग शाबूत असतात. एडिटिंगमध्ये निळा स्लायडर खाली, पिवळा जरा वर, बदकं बाहेर येतील बघा. फार ओढू नका, आभाळात नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर येते आणि घुमटाच्या कडेला पांढरी रेघ उमटते. डिजिटलवर काचेचा लाल फिल्टर मात्र नको, नेहमीच्या सेन्सरवर लाल टिपणारे पिक्सेल चारात एकच, बाकीचे जवळजवळ उपाशीच.

दुसरं एक्स्पोजर, ते दोन्हीकडे बरोबर उलटं. किल्ल्याच्या हाथी पोल दरवाजाच्या सावलीत उभं राहून बाहेरचं ऊन घेताय असं समजा. डिजिटलवर उन्हातला दगड एकदा पांढरा फटक झाला की गेला, म्हणून उजेड सांभाळायचा, सावली नंतर उचलता येते. फिल्मवर सावली सांभाळायची, तिथे निगेटिव्हवर काही उमटलंच नाही तर कुठून आणणार, उजेड मात्र फिल्म बराच पचवते. उन्हातल्या दगडाची खरखर मला अजूनही फिल्मवरचीच आवडते, फिल्मवर चित्र ज्यांनी बनतं ते चांदीचे दाणे दगडाला शोभतात.

तरी आधी महिनाभर डिजिटलवर रॉ काढून स्लायडरशी खेळा, कुठला रंग कुठल्या राखाडीत जातो ते डोळ्यात बसू दे, मग पिवळा फिल्टर आणि ४०० आयएसओचा एक ब्लॅक अँड व्हाइट रोल घ्या. आणि तो रोल रंगीत धुणाऱ्या लॅबला डोळे मिटून देऊ नका, माझा एक रोल एका लॅबने रंगीत केमिकलमधून काढला, त्यात सगळी चांदी धुतली जाते, ३६च्या ३६ फ्रेम कोऱ्या आल्या, लग्नघरातले फोटो होते हो, परत कुठून मिळणार. घरी उजेड न शिरणाऱ्या डेव्हलपिंग टँकमध्ये धुवा, एचपी५ प्लस ही फिल्म असेल तर न पातळ केलेल्या डी-७६ डेव्हलपरमध्ये २० डिग्रीला साडेसात मिनिटं. आपल्याकडे मे महिन्यात नळाला गरम पाणी येतं, तेव्हा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या टबात ठेवा आणि थर्मामीटर बघूनच ओता.