चौथी नळी राहिली म्हणून डॉक्टर दोषी ठरतात का?

निपाणीच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. बेळगावात त्यांच्या वरच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली. दोन-तीन महिन्यांत चावताना कळ येऊ लागली. दोनदा डॉक्टरांकडे गेल्या, दोन्ही वेळा एक्स-रे न काढता ‘कॅप बसायला वेळ लागतो’ म्हणून गोळ्या दिल्या. शेवटी कोल्हापुरात सीबीसीटी (दात-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढला, तर दाढेच्या मुळातली चौथी नळी साफ न होता तशीच राहिलेली आणि मुळाच्या टोकाशी पू. केस होईल का, कुठं करायची, पोलिसांत जाऊ का, असं त्या विचारतात.

ताई, पोलिसांचं डोक्यातून काढून टाका. जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी हलगर्जीपणा अतिशय गंभीर असावा लागतो. तुमची तक्रार ग्राहक आयोगातली आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ही ‘सेवा’ आहे, हे 1995 पासून पक्कं आहे.

आता ती नळी. तुम्ही सगळा भार तिच्यावर टाकलाय, आणि समोरचा वकील तुम्हाला तिथंच गाठणार. या दाढेला सहसा तीन मुळं असतात. गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दुसरी, म्हणजे एकूण चौथी, नळीही असते, निम्म्याहून जास्त लोकांत ती सापडते. पण ती पहिलीच्या मागे, टाळूच्या बाजूला असते. साधा एक्स-रे गालाकडून घेतला जातो, त्यामुळं दोन्हींची सावली एकावर एक पडते आणि एकच रेघ दिसते. तिचं तोंडही बारीक, दाताच्या थराखाली झाकलेलं. तेव्हा चांगल्या डॉक्टरकडूनही ती सुटू शकते, आणि नुसती सुटली म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं आयोग मानत नाही. प्रत्येक दाढेला आधी सीबीसीटी काढलाच पाहिजे, असा नियमही नाही.

तुमची खरी बाजू त्या दोन फेऱ्यांत आहे. या दाढेत चौथी नळी असू शकते, हे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. पेशंट दुखतंय म्हणून परत आल्यावर किमान एक्स-रेचं यंत्र थोडं तिरकं धरून दुसरा एक्स-रे काढता आला असता, किंवा तज्ज्ञाकडं पाठवता आलं असतं. त्यातलं काहीच झालं नाही. तक्रारीत हे आधी येऊ दे, नळी नंतर.

संमतीपत्र कन्नडमध्ये होतं, वाचता न येताच सही केली, असंही तुम्ही लिहिलंय. समीरा कोहली प्रकरणातल्या 2008 च्या निकालानुसार पेशंटला पुरेशी माहिती द्यावी लागते. मुद्दा लिहा, पण त्यावर फार विसंबू नका. नळी सुटू शकते हे मराठीत सांगितलं असतं, तरी तुम्ही रूट कॅनाल करूनच घेतलं असतं, असं समोरची बाजू म्हणेल.

दाढेवर पुन्हा उपचार कोर्टासाठी थांबवू नका. मात्र त्याआधी सीबीसीटीची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, नुसता छापील रिपोर्ट पुरणार नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून काय दिसलं तेवढंच लिहून घ्या. ‘आधीच्या डॉक्टरांची चूक’ असं लिहायचा आग्रह धरू नका, ते बिचकतील. त्यांचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर चालतं, त्यांना सहसा आयोगात खेपा घालाव्या लागत नाहीत. बेळगावच्या दवाखान्याकडं केसपेपर आणि जुने एक्स-रे लेखी मागा, पोच घ्या.

तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगात करायची. तुम्हीही याच जिल्ह्यातल्या, डॉक्टरही, म्हणजे कोल्हापूरचा प्रश्न येत नाही. मुदत दोन वर्षांची. दुखणं नंतर कळलं असा युक्तिवाद करता येतो, पण तुम्ही उपचाराच्या तारखेपासूनच मोजा. दिलेली फी पाच लाखांच्या आत असल्यानं तक्रारीला शुल्क नाही. मराठी चिठ्ठ्या-पावत्यांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर मात्र जोडा, नाहीतर तारीख पे तारीख.

त्याआधी नोटीस पाठवा. अनेक डॉक्टरांचा अशा दाव्यांसाठी विमा असतो, प्रकरण तिथंच मिटूही शकतं. पैसे परत देऊ केले तर घ्या, पण दाढेचे नवे उपचार पुरे होऊन एकूण खर्च कळेपर्यंत ‘यापुढे काही मागणी नाही’ अशा कागदावर सही करू नका.