निळ्या हातमोज्यांवर किती विसंबायचं?

प्रश्न : कॉलम (मिश्रणातले घटक वेगळे करणारी नळी) चालवताना दिवसभर डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हेंट (द्रावक) हाताळावं लागतं. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) निळे हातमोजे घालूनही बोटं आधी गार पडतात, मग चुरचुरतात. मोजे निकृष्ट आहेत का? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : मोजे चांगले असतील, पण या कामाचे नाहीत. वापरून फेकायच्या नायट्राइल मोज्याची जाडी जेमतेम ०.१ मिमी असते. डायक्लोरोमिथेन त्यातून मिनिटाभरात, अनेकदा त्याआधीच, आत उतरतं. त्यासाठी भोक पडावं लागत नाही. द्रव मोज्याच्या पॉलिमरमध्ये मुरत मुरत पलीकडे पोचतो आणि मोजा वरून धडधाकट दिसतो. गारवा बाष्पीभवनाचा असतो. चुरचुर सुरू झाली म्हणजे द्रव आत पोचला, आणि आत अडकल्यामुळे त्याला उडून जाता येत नाही. उघड्या कातडीवर सांडल्यापेक्षा हे जास्त झोंबतं.

शिंतोडा उडाला की मोजा लगेच काढा, हात साबणाने धुवा, नवा मोजा घाला. एकावर एक दोन नायट्राइल घातल्याने थोडे क्षण मिळतात, संरक्षण नाही. जास्त प्रमाणात ओतायचं असेल किंवा भांडी विसळायची असतील, तर आत अनेक थरांचा लॅमिनेट मोजा आणि पकड यावी म्हणून वरून नायट्राइल घाला. पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) मोजेही या सॉल्व्हेंटपुढे उत्तम टिकतात, मात्र ते पाण्यात विरघळतात. बर्फाच्या पाण्याशी काम असेल तर नकोत. खरेदीआधी उत्पादकाच्या तक्त्यात नेमक्या त्याच मॉडेलचा ‘ब्रेकथ्रू टाइम’ (रसायन मोज्यातून पलीकडे पोचायला लागणारा वेळ) पाहा. नुसतं ‘नायट्राइल’ एवढं वाचून काही कळत नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात १९९६ साली विषारी धातूंच्या तज्ज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्स मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब पडले. काम फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) चाललं होतं. हे द्रव्य तसल्या मोज्यातून १५ सेकंदांच्या आत आरपार जातं, हे नंतरच्या चाचण्यांत दिसलं. जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

प्रश्न : कपाटात आयसोप्रोपाइल ईथरची जुनी, अर्धी बाटली सापडली. झाकणाभोवती पांढरे स्फटिक आहेत. पेरॉक्साइडची पट्टी बुडवून पाहावी का?

उत्तर : मुळीच नको. झाकणाला हात लावू नका, बाटली हलवूही नका. ते स्फटिक पेरॉक्साइडचे, म्हणजे ईथर हवेत राहून बनणाऱ्या स्फोटक संयुगाचे, असू शकतात, आणि आट्यांमध्ये असतील तर झाकण पिळण्याच्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. खोली रिकामी करा, दाराला पाटी लावा, सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा. पुढचं काम बॉम्बनाशक पथकासारख्या प्रशिक्षित माणसांचं.

यापुढे प्रत्येक बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची तारीख लिहा. उघडलेलं आयसोप्रोपाइल ईथर ३ महिन्यांत, डायइथाइल ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, हेही ईथरच) ६ महिन्यांत संपवा किंवा तपासा. ऊर्ध्वपातनात टीएचएफमधलं बीएचटी (पेरॉक्साइड बनणं रोखण्यासाठी घातलेलं द्रव्य) मागे राहतं, त्यामुळे ‘शुद्ध’ केलेली बाटली उलट लवकर बिघडते. ऊर्ध्वपातनाआधी पट्टीने तपासा आणि फ्लास्क कधीही कोरडा होऊ देऊ नका. फ्रीजमध्ये ठेवल्याने पेरॉक्साइड थांबतात, हा गैरसमज फार चिवट आहे.

प्रश्न : आमच्याकडे हायड्रोफ्लोरिक आम्लाचं काम सुरू होणार आहे. पूर्वतयारी काय करावी?

उत्तर : बाटलीच्या आधी २.५ टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणा, मुदत न संपलेलं, हाताशी ठेवलेलं. आम्ल काचेत ठेवू नका, पॉलिएथिलीनच्या बाटलीत ठेवा. एकट्याने काम नको. अंगावर पडलं तर भिजलेले कपडे उतरवत ५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा, मग नवे मोजे घालून जेल चोळत राहा आणि चोळत चोळतच रुग्णालय गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका: २० टक्क्यांहून सौम्य आम्लाची वेदना २४ तासांपर्यंत उशिरा येऊ शकते, तोवर फ्लोराइड आत जाऊन रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. ‘ॲसिडने भाजलं’ एवढंच सांगू नका. आम्लाचं नाव आणि तीव्रता कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.