मेंदूचे दोन भाग एकमेकांपासून वेगळे केले तर माणूस कसा वागतो?

वरवर पाहिलं तर अगदी नेहमीसारखा. बोलतो, चालतो, हसतो. चार दिवस शेजारी राहूनही तुम्हाला पत्ता लागणार नाही. औषधांना दाद न देणारी अपस्माराची फिट एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये म्हणून दोन्ही अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, कापत असत. आता ही शस्त्रक्रिया क्वचितच होते.

खरी गंमत प्रयोगशाळेत दिसते. नजर मधोमध खिळवली की डावीकडचं दृश्य उजव्या मेंदूत जातं आणि उजवीकडचं डाव्या. बोलणं बहुतेकांचं डाव्या मेंदूकडे. त्यामुळे डावीकडे चमच्याचं चित्र क्षणभर दाखवलं तर रुग्ण म्हणतो, ‘काहीच दिसलं नाही.’ पण डावा हात उजव्या मेंदूच्या ताब्यात असतो, त्यामुळे त्याचाच डावा हात पडद्याआड चाचपून बरोबर चमचा उचलतो!

माझा आवडता प्रयोग मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गझानिगा यांचा. डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फाचं दृश्य. उजव्या हाताने कोंबडीचं चित्र निवडलं, डाव्याने बर्फ उपसायच्या फावड्याचं. फावडं कशाला, असं विचारल्यावर रुग्णाने बेधडक सांगितलं, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला. बर्फाचा त्या बोलणाऱ्या मेंदूला गंधही नव्हता, तरी कारण तयार!

शस्त्रक्रियेनंतर काहींचे दोन हात एकमेकांविरुद्ध वागतात, एक शर्टाची बटणं लावतो तर दुसरा सोडतो. हे बहुधा काही काळात ओसरतं. या संशोधनासाठी मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांना 1981 मध्ये नोबेल मिळालं. ‘डाव्या मेंदूचे हिशेबी, उजव्या मेंदूचे कलाकार’ हे मात्र त्यातून निघालेलं खूळ.