मुलाला जरा ताप असला तरी पाळणाघर घेत नाही, हे योग्य आहे का?

तुमचं म्हणणं, जरा अंग गरम लागलं की मुलीला दारातूनच परत पाठवतात, रजा तरी किती काढायच्या. मी नाशिकला सिडकोत पाळणाघर चालवते, म्हणजे तुमच्या भाषेत समोरची पार्टी.

माझ्याकडचे बहुतेक आईबाबा अंबड-सातपूरच्या कंपन्यांत. फर्स्ट शिफ्ट असली की साडेसहालाच बेल वाजते. मूल हसतखेळत आत येतं. अकराच्या सुमारास तेच चपलांच्या रॅकपाशी फरशीला गाल लावून पडलेलं दिसतं. ताप १०२. पॅरासिटामॉलचा असर ४ ते ६ तास, त्यामुळे घड्याळाकडे बघूनच डोस कधी दिला ते कळतं. फोनवर आधी 'सकाळी तर ठणठणीत होती', मग हळूच 'थोडं सिरप पाजलं होतं'. मला राग येत नाही, रजा मागणं त्यांच्याही जिवावर येतं. पण मुलं बारा आणि आम्ही दोघी. एकीने तापलेलं मूल मांडीवर घेतलं की बाकीची अकरा दुसरीच्या गळ्यात.

म्हणून औषधाशिवाय २४ तास ताप १००.४ च्या खाली हवा. जुलाब-उलट्या थांबून ४८ तास. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. एका पावसाळ्यात एकाच्या तळहातावरचे फोड 'डास चावलेत' म्हणून मी चालवून घेतले. निघालं हँड-फूट-माउथ, म्हणजे हात, पाय आणि तोंडात फोड येणारा संसर्गजन्य आजार. आठवड्यात पाच मुलं आणि माझी मदतनीस, सगळे घरी. त्याचा विषाणू बरं झाल्यावरही शीतून कित्येक आठवडे जातो, त्यामुळे लंगोट बदलल्यावर साबणानेच हात. सॅनिटायझरवर भिस्त ठेवून चालत नाही.

शेंबडाला मात्र माझ्याकडे नियम नाही, हिरव्यालाही नाही. त्यासाठी परत पाठवायचं तर जुलै ते फेब्रुवारी कुलूपच लावावं लागेल. तुमच्याकडे नुसत्या सर्दीला पाठवत असतील, तर खुशाल भांडा.

डोस दिला असेल तर वेळ चिकटपट्टीवर लिहून डब्याला लावा, म्हणजे आमच्याकडून दुसरा डोस लवकर जात नाही. आणि अर्ध्या तासात येऊ शकेल अशा कुणाचा तरी, आजीचा, शेजारच्या काकूंचा, नंबर देऊन ठेवा. बाबांचाही चालेल. माझ्या वहीत तो रकाना बहुतेक कोराच असतो.